कामगाराला गुण देणारं यंत्र, रविवारची सुट्टी आणि चर्चची सामाजिक शिकवण

प्रश्न : मॅडम, मी नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीत काम करतो. कॉल सेंटरमधल्या मुलामुलींचे कॉल ऐकून एआय त्यांना आपोआप गुण देईल, अशी प्रणाली आमची टीम बनवते आहे. मी कॅथलिक आहे. रिट्रीटला, म्हणजे चर्चच्या मौनशिबिराला, गेलो की फादर मौन आणि ध्यानप्रार्थना सांगतात. सामाजिक शिकवणीच्या वर्गाला बसलो की न्याय, मजुरी, हक्क. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध ते कळत नाही. खरं सांगायचं तर मौन ही मला पळवाट वाटते. शिवाय १८९१ सालच्या पत्राला एआयबद्दल काय सांगता येणार? मित्राच्या नादानं विपश्यना केली, तेच पुरेसं नाही का? आणि हे काम मी सोडून द्यावं का?

उत्तर : शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून तो शेवटी घेते. मी हिंगणा एमआयडीसीत मनुष्यबळ विभागात बरीच वर्षं काढली. आता सामाजिक शिकवणीचे वर्ग आणि नोकरदारांसाठी मौनशिबिरं घेते. त्यामुळे हे उत्तर धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाचं नाही. हजेरीपट आणि प्रार्थना दोन्ही रोज हाताळलेल्या बाईचं आहे, असं समजून वाचा.

आधी त्या १८९१च्या पत्राबद्दल. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्र, म्हणजे सगळ्या चर्चला उद्देशून लिहिलेलं पत्र, काढलं. युरोपात कारखान्यांनी माणसांचं काय करून ठेवलंय, हा त्याचा विषय. तेव्हा नागपूर काही जगाबाहेर नव्हतं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला इथे सुरू झाली होती. सूत कातायचं, त्या काळी नवीन असलेलं रिंग स्पिंडल त्यांनी इथे आणलं. १८८६मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंडही काढला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण मिलच्या सुताकापडानं हातमागावर काय ओढवलं, ते आपल्याकडच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. नवं यंत्र आलं की कोणाचं पोट भरतं, कोणाचं रिकामं होतं आणि ते ठरवतं कोण, हे प्रश्न या गावाला मिहानच्या शंभर वर्षं आधीच पडून गेलेत. ज्या जमिनीवर ती मिल होती तिथे आज मॉल आहे. तुम्ही सिनेमा बघायला गेलाही असाल.

त्या परिपत्रात एक गोष्ट अशी आहे की ती नीट वाचली तर तुमचा ‘मौन वेगळं, न्याय वेगळा’ हा पेच निम्मा सुटतो. कामाचे तास आणि मजुरी यांवर लिहिण्याच्या अगदी आधी लिओ तेरावे रविवारवर लिहितात. कामगाराला सुट्टी हवी, आणि ती आळसात किंवा पैसे उधळण्यात घालवण्यासाठी नव्हे. माणूस देवासमोर उभा राहू शकतो, म्हणून त्याला थांबायला मिळालंच पाहिजे. त्यापुढे ते म्हणतात की मन बधिर होईल आणि शरीर झिजेल इतकं काम माणसाकडून करून घेणं न्यायाचंही नाही आणि माणुसकीचंही नाही. खाणीत काम करणाऱ्यांचे तास कमी असावेत, हेही तिथेच येतं. मग मजुरी. सगळं एकापाठोपाठ एक परिच्छेदांत. म्हणजे चर्चच्या सामाजिक शिकवणीच्या पहिल्याच मोठ्या दस्तऐवजात कामगाराचं मौन हा कामगाराचा हक्क म्हणून आलेला आहे. त्याहून कडक वाक्य त्याच पानावर आहे : स्वतःची मानवी प्रतिष्ठा विकायचा अधिकार खुद्द त्या माणसालाही नाही. ‘त्यानं राजीखुशीनं करारावर सही केली’ हा बचाव तिथे चालत नाही. अॅप सुरू करताना ‘मला मान्य आहे’वर बोट दाबणाऱ्या लाखो लोकांचा विचार करा, म्हणजे या वाक्याची धार कळेल.

योगायोग असा की त्याच्या आदल्याच वर्षी, १८९०मध्ये, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचाही वार, असा मुद्दा त्यांनी मांडला होता असं सांगतात. रोमच्या पोपला लोखंडे माहीत असण्याचं कारण नाही, आणि लोखंड्यांना हे परिपत्र पुढे वाचायला मिळालं की नाही कोण जाणे. पण देवाचा वार आणि कामगाराचा वार एकच असावा, हे दोघांनाही सुचलं.

पुढच्या पत्रांतही हा धागा तुटत नाही. जॉन पॉल दुसरे यांनी १९८१मध्ये, ‘रेरुम नोवारुम’ला ९० वर्षं झाली म्हणून, ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ लिहिलं. त्यात कामाच्या दोन बाजू सांगितल्या आहेत : माणूस काय बनवतो आणि कशानं बनवतो ही एक, आणि ते करताना त्या माणसाचं स्वतःचं काय होतं ही दुसरी. तंत्रज्ञान पहिल्या बाजूला बसतं. कामाचं मोल मात्र दुसऱ्या बाजूनं ठरतं. या परिपत्राचा शेवटचा भाग कामाच्या अध्यात्मावर आहे, आणि वर्गात लोक नेमका तोच गाळतात. पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ २०१५चं. त्यातला तंत्रज्ञानाच्या सत्तेवरचा तिसरा अध्याय सगळे सांगतात. मला शेवटाकडचा रविवारवरचा परिच्छेद जास्त महत्त्वाचा वाटतो. ध्यानासाठीची विश्रांती आपण निरुपयोगी समजतो, असं ते तिथे म्हणतात. आणि पुढे म्हणतात की हीच विश्रांती आपली नजर मोठी करते आणि इतरांच्या हक्कांची जाणीव पुन्हा जागी करते. आताचे पोप लिओ चौदावे ८ मे २०२५ला निवडून आले. दोनच दिवसांनी कार्डिनलांसमोर त्यांनी नावाचं कारण सांगितलं : तेराव्या लिओंपुढे पहिली औद्योगिक क्रांती होती, आपल्यापुढे एआयची आहे.

आता मुद्द्यावर येते. तुमची प्रणाली करते काय? माणसाकडे बघण्याचं काम ती तुमच्या वतीनं करते आणि बघून झाल्यावर एक आकडा तुमच्या हातात ठेवते. तो आकडा चुकीचा असू शकतो, ही तक्रार खरी आहे पण दुय्यम आहे. आकडा अगदी बरोबर आला तरी एक गोष्ट होतेच. टीम लीडरला त्या मुलीकडे बघायची गरज उरत नाही. हळूहळू तिच्याकडे बघायची त्याची सवय जाते. आणि जिच्याकडे कोणी बघितलंच नाही तिच्या प्रतिष्ठेवर कितीही परिपत्रं वाचली तरी ती फलकावरची वाक्यंच राहतात. मौनप्रार्थना ही माझ्या अनुभवात बघण्याचीच तालीम आहे : समोरच्याला लगेच कामाला न लावता, निकाल न देता, तो आहे तसा समोर राहू देणं. ज्यानं देवासमोर अर्धा तास काहीही न मिळवता बसायची सवय लावली आहे, त्याला माणसासमोर पाच मिनिटं तसं बसता येतं. न बसलेल्याला ते येत नाही, त्याची नीती कितीही चांगली असली तरी. हा माझा ठाम पक्ष आहे. पटला नाही तर पुढचं करून बघा आणि मग भांडा.

एका कंपनीच्या लोकांबरोबर मी हे केलं होतं. गुणांचा डॅशबोर्ड बंद करायला लावला आणि मूळ कॉल ऐकवले, पूर्ण, मध्ये न थांबवता. एक कॉल काटोलकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा होता. पेन्शनचे पैसे खात्यात आले की नाही ते त्यांना अॅपवर दिसत नव्हतं. ते जोरजोरात बोलत होते : ‘काय होऊन राह्यलं बे हे, दोन दिवस झाले!’ पलीकडची मुलगी शांतपणे एकेक बटण सांगत होती. मध्ये ते चष्मा शोधायला गेले. ती थांबली. नातवाला हाक मारली, तो आला नाही. ती तरीही थांबली. शेवटी आकडा दिसला तेव्हा त्यांनी आभार वगैरे मानले नाहीत. ‘हं, आला’ एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मग डॅशबोर्ड उघडला. कॉलचा सरासरी वेळ, म्हणजे तुमच्या भाषेत एएचटी, लाल. ग्राहकाचा सूर ‘संतप्त’, तोही लाल. मधली शांतता ‘डेड एअर’ म्हणून वजा. त्या दिवशीच्या तिच्या कॉलमधला सगळ्यात कमी गुणांचा कॉल तो होता. खोलीतल्या कोणालाही तो वाईट वाटला नव्हता. नागपुरी माणूस रागावलाय की नुसता बोलतोय हे यंत्राला कळत नाही, हा त्यातला विनोदी भाग. तो पुढच्या आवृत्तीत दुरुस्तही होईल. दुरुस्त न होणारा भाग असा की ती मुलगी ज्या शांततेत थांबली, तीच या मोजणीत तिचा दोष ठरली.

जून २०२४मध्ये इटलीत जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाच्या बैठकीत पोप फ्रान्सिस नेमकं यावर बोलले होते. कैद्याला घरी नजरकैदेत ठेवावं का, हे ठरवताना न्यायाधीशांना मदत करणाऱ्या प्रणालीचं उदाहरण त्यांनी दिलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस सतत घडत असतो, आपल्या वागण्यानं थक्क करू शकतो, आणि यंत्राला हे हिशेबात घेता येत नाही. यंत्र पर्याय निवडतं, निर्णय माणूस घेतो, आणि ती जागा माणसाकडेच राहिली पाहिजे. जानेवारी २०२५मध्ये व्हॅटिकननं एआयवर ‘अँटिक्वा एट नोवा’ ही टिपणी काढली. त्यात मध्ययुगातले धर्मचिंतक थॉमस अक्विनास यांच्या परंपरेतला जुना भेद पुन्हा मांडला आहे : पायरीपायरीनं तर्क करणारी बुद्धी वेगळी आणि सत्याला एका नजरेत भिडणारी वेगळी, आणि माणसात या दोन्ही एकत्र नांदतात. त्याच टिपणीत हेही आहे की उत्पादकता वाढवण्याच्या नावाखाली यंत्रानं माणसाशी जुळवून घेण्याऐवजी माणसालाच यंत्राच्या वेगाशी जुळवून घ्यावं लागतं. हे वाक्य तुमच्या टीमच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

मग प्रत्यक्ष काय करायचं? १९३१च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रातलं एक तत्त्व इथे फार कामाचं आहे. जे खालच्या पातळीवर नीट होऊ शकतं ते वरच्यानं काढून घेणं हा अन्याय आहे. आपण हे सरकारला लावतो, सॉफ्टवेअरला लावायचं विसरतो. ज्या टीम लीडरनं तो कॉल ऐकलाय त्याला गुण बदलता आले पाहिजेत, बंगळूरच्या ऑफिसला ईमेल न पाठवता. त्या मुलीला आपले गुण आणि त्यामागचं कारण दिसलं पाहिजे आणि हरकत घेता आली पाहिजे. इथवर सगळे मान डोलावतात. खरी मेख पुढे आहे. टीम लीडरनं किती वेळा गुण बदलले याचीही मोजणी होते आणि ती त्याच्याच मूल्यमापनात जाते. दोन महिन्यांत तो गुण बदलणं बंद करतो. अधिकार कागदावर राहतो. म्हणून ‘मानवी हस्तक्षेपाची सोय आहे’ या वाक्यावर कधी समाधान मानू नका, तो हस्तक्षेप करणाऱ्याला काय किंमत पडते ते विचारा. दुसरी मेख क्रमवारीची. ‘खालचे १० टक्के’ अशी रेघ ओढली की सगळ्यांनी उत्तम काम केलं तरी कोणीतरी तळाला असतंच, आणि ते कोणीतरी दर महिन्याला घरी जातं. तुमच्या प्रणालीतून अशी क्रमवारी बाहेरच पडणार नाही, फक्त शिकवण्यासाठी कॉल पुढे येतील, अशी रचना शक्य आहे. ती करणं तुमच्या हातात आहे, आणि या सगळ्या उत्तरातली सगळ्यात उपयोगी गोष्ट बहुधा हीच.

मौन पळवाट आहे का, हा तुमचा संशय मी उडवून लावणार नाही. तसं मौन असतंच, आणि हल्ली विकतही मिळतं. जंगलाकडच्या रिसॉर्टमध्ये फोन काढून घेतात, तीन दिवस शांतता देतात, बिल हातात ठेवतात. काही कंपन्या तर शिफ्टच्या मध्ये श्वासाचे व्यायाम करून घेतात, म्हणजे तोच ताण आणखी दोन तास सहन व्हावा. शंकरनगर चौकात मे महिन्याच्या ४५ अंशांत झाडाखाली बाइक लावून ऑर्डरची वाट बघणाऱ्या मुलाला फोन बंद करून बघा म्हणा. त्याचं लॉगिन तुटलं की त्याची कमाई तुटते. सामाजिक सुरक्षा संहिता २०२०नं गिग कामगाराची, म्हणजे अशी अॅपवरची सुटी कामं करणाऱ्याची, व्याख्या केंद्राच्या कायद्यात पहिल्यांदा आणली, आणि ती लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. आता तरी सामाजिक सुरक्षेच्या फंडाचे पैसे त्या पोरापर्यंत पोचतात का, ते बघत राहावं लागेल. मौन ज्याला परवडतं त्यानं ते न परवडणाऱ्याच्या तासांबद्दल बोललं नाही, तर ते मौन चैन आहे. माझी कसोटी सोपी आहे. शिबिरातून परतल्यावर सोमवारी ऑफिसात झाडू मारणाऱ्या बाईंचं नाव तुम्ही विचारलं का? त्यांना पगार कोण देतं, वेळेवर देतं का, हे कळलं का?

सरावाचं म्हणाल तर तुम्हाला मठात जायची गरज नाही. आपल्या सदर भागातल्या कॅथेड्रलला ज्यांचं नाव आहे त्या संत फ्रान्सिस डी सेल्सनी १६०९मध्ये संसारी, कामधंद्यातल्या माणसांसाठीच भक्तिजीवनावर पुस्तक लिहिलं. शिपायाची भक्ती, कारागिराची भक्ती, लग्न झालेल्या बाईची भक्ती एकसारखी असू शकत नाही, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. सकाळच्या चिंतनातून दोन-चार फुलं तोडून दिवसभर जवळ ठेवावीत आणि मधूनमधून हुंगावीत, ही त्यांची सूचना आजही तितकीच चालते. सकाळी शुभवर्तमानातलं एक वाक्य घ्या. बस्स, एकच. ते घेऊन वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिरा. हे संत पत्रकारांचेही आश्रयदाते. त्यांच्या सणाला, २४ जानेवारीला, पोपचा संपर्क माध्यमांवरचा संदेश प्रसिद्ध होतो, आणि २०२४चा संदेश एआय आणि हृदयाचं शहाणपण यावर होता.

संध्याकाळी जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचं आत्मपरीक्षण करा. पार्किंगमध्ये गाडी सुरू करण्याआधी दहा मिनिटं. दिवसाबद्दल आभार, मग प्रकाश मागणं, मग सकाळपासूनचा दिवस सावकाश नजरेखालून घालणं : आज कोणाकडे बघितलं, कोणाला नुसतं ओलांडलं. चुकलं तिथे क्षमा, उद्यासाठी एक लहानशी गोष्ट. फोन मागच्या सीटवर. हात शिवशिवेल. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस या ख्रिस्ती साधूनं अशाच शिवशिवाटाचं वर्णन करून ठेवलंय : दुपारी साधूला वाटतं की सूर्य हलतच नाही, तो सारखा खिडकीतून बघतो, खोलीबाहेर येऊन किती वाजले असतील ते पाहतो, कोणी भाऊ येतोय का म्हणून इकडेतिकडे डोकावतो. नोटिफिकेशन तेव्हा नव्हतं, रोग होता. उपाय त्यांनी सांगितला तो कंटाळवाणा आहे : खोली सोडू नका.

विपश्यनेचं थोडक्यात सांगते. केलीत, उत्तम केलंत. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५मध्येच म्हटलंय. फरक इतका की ख्रिस्ती प्रार्थनेत आपण कोणाच्या तरी समोर बसतो, आणि तो कोणीतरी उपाशी, आजारी, तुरुंगातल्या माणसाच्या रूपात भेटेन असं सांगून गेलेला आहे. बाकी ध्यान आणि न्याय यांना वेगळं करण्याची सवय या शहराला तरी शोभत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवर जे घडलं त्यात अंतरीचा मार्ग कुठे संपला आणि समाजाचा प्रश्न कुठे सुरू झाला, ते कोणी वेगळं काढून दाखवावं.

आणि हो, चर्चच्या आपल्याच संस्था. ठेक्यावरचे शिक्षक, रात्रपाळीच्या नर्सेस. न्यायाबद्दल बोलणारा आधी लोकांच्या नजरेत न्यायी असला पाहिजे, हे १९७१च्या बिशपांच्या सिनोडनंच, म्हणजे सभेनंच, सांगितलंय. तुमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चमध्ये, हे विचारायला लाजू नका.

आता नोकरी. आज सोडू नका. तुम्ही सोडलीत तर तुमच्या जागी येणारा हा प्रश्न विचारणार नाही, आणि घरचे हप्ते तुम्हालाच भरायचे आहेत. आधी मूळ कॉल ऐकायची वेळ टीमच्या वेळापत्रकात अधिकृतपणे टाकून घ्या. गुण दाखवण्याचा, हरकतीचा आणि टीम लीडरच्या अधिकाराचा मुद्दा लेखी मांडा. भाषा धर्माची नको, जोखमीची आणि गुणवत्तेची वापरा, व्यवस्थापनाला तीच ऐकू येते. क्रमवारी काढून टाकण्याचा पर्याय नमुन्यासकट दाखवा. यातलं काही मान्य होईल, काही होणार नाही. पण माणसानं न बघता, नुसत्या गुणांवरून कोणाला कामावरून काढायचं ठरलं, तर त्या आवृत्तीला तुमची मंजुरी देऊ नका, आणि नकार ईमेलवर नोंदवा. त्यानंतर दुसरीकडे अर्ज करायला सुरुवात करा. दरम्यान कॉल ऐकाल तेव्हा हेडफोन लावा, स्पीकरवर नको. लोक फोनवर घरच्या गोष्टी बोलतात.